वाळू, खारं पाणी आणि रेड रमचा खूर

खाडीकाठ (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षं मी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, साउथपोर्टजवळ राहते. इथला समुद्र आपल्या कोकणासारखा नाही. ओहोटी लागली की पाणी पार क्षितिजाला जाऊन टेकतं आणि मागे उरते सपाट, ओली, घट्ट वाळू. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजी फिरता फिरता म्हणाल्या, "रेड रम इथेच पळायचा." तेव्हा मला हे नाव ठाऊक नव्हतं. आज सांगू शकते की या भागातल्या साठीपुढच्या कुणालाही हे नाव घेऊन हाक मारा, माणूस उभा राहून अर्धा तास बोलतो.

रेड रम या घोड्याने ग्रँड नॅशनल ही लिव्हरपूलची अडथळ्यांवरून उड्या मारायची शर्यत (स्टीपलचेस) तीनदा जिंकली: १९७३, १९७४ आणि १९७७. मधल्या दोन वर्षी तो दुसरा आला. दीडशेहून जास्त वर्षं जुन्या शर्यतीत असं आधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही कुणाला जमलेलं नाही. हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते त्याच्या पायाबद्दल.

जन्म ३ मे १९६५, आयर्लंडमधल्या किलकेनी परगण्यात. आईचं नाव मारेड, बापाचं क्वोरम. आईच्या नावातलं शेवटचं 'रेड' आणि बापाच्या नावातलं शेवटचं 'रम', म्हणून रेड रम. बाप सपाट मैदानावरचा, मैलभराच्या शर्यतींचा घोडा. पोरगाही तशाच छोट्या शर्यतींसाठी वाढवलेला, वर्षाचा असताना लिलावात अवघ्या ४०० गिनीला विकला गेलेला. पहिली शर्यत तो पळाला ७ एप्रिल १९६७ रोजी, वयाच्या दुसऱ्या वर्षी, पाच फर्लांगांची. त्यात तो दुसऱ्या एका घोड्याबरोबर बरोबरीत पहिला आला. आणि ती शर्यत होती लिव्हरपूलच्या ऐन्ट्री मैदानावर, जिथे ग्रँड नॅशनल होते तिथेच! दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर फॉइनाव्हन नावाचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा सगळ्यांच्या पडापडीतून वाट काढत नॅशनल जिंकून गेला. कोवळा रेड रम तेव्हा तिथल्याच हवेत होता, हे मला फार आवडतं.

पुढची पाच वर्षं मात्र वणवणीची. मालक बदलले, ट्रेनर बदलले. सपाट शर्यतींतून अडथळ्यांच्या शर्यतींत आला, काही जिंकला, बऱ्याच हरला. आणि पुढच्या पायात दुखणं शिरलं: खुराच्या आत असतं त्या शेवटच्या हाडाचा दाह. अशा घोड्याचं पळणं संपलं असंच तेव्हा धरून चालत.

आता साउथपोर्टकडे या. इथे बर्कडेल भागात जिंजर मॅककेन नावाचे गृहस्थ जुन्या गाड्या विकायचे आणि टॅक्सी चालवायचे. दुकानाच्या मागच्या अंगणात त्यांची छोटीशी पागा होती. घोड्यांचं वेड लहानपणापासूनचं. त्यांच्या टॅक्सीत दर शनिवारी एक म्हातारे गृहस्थ बसायचे, नोएल ल मेअर. पैसेवाला माणूस, आणि आयुष्यभराची एक इच्छा राहिलेली: ग्रँड नॅशनल जिंकायची. टॅक्सीतल्या गप्पांतून दोघांचं जमलं. ऑगस्ट १९७२ मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात मॅककेननी चौऱ्याऐंशी वर्षांच्या ल मेअरसाठी ६,००० गिनी मोजून रेड रम घेतला. (एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स. घोड्यांचे लिलाव अजूनही गिनीतच बोलतात.)

पायाचं दुखणं मॅककेनना कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच दिवसांत किनाऱ्यावर दुडकी काढायला नेलं तर घोडा लंगडतोय! इतक्या वर्षांनी एका म्हाताऱ्याचे पैसे लावून घेतलेला घोडा, आणि तो लंगडा. मॅककेन लहान असताना याच किनाऱ्यावर कोळंबी ओढणाऱ्या गाड्यांची घोडी बघायचे. पाय धरलेली घोडी खाऱ्या पाण्यात उभी राहून सुधारतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वाराला सांगितलं, घाल समुद्रात. रेड रम पाण्यातून दुडकत गेला आणि बाहेर आला तो सरळ चालीने.

त्यानंतर रोजचा नेम तोच. वर्दळीच्या रस्त्यावरून, रेल्वेचं फाटक ओलांडून किनारा गाठायचा. वाळूच्या एका पट्ट्यावर गाडीमागे कुळव बांधून ती भुसभुशीत करून ठेवलेली असायची. तिथे पळवायचं आणि परतताना पाण्यात उभं करायचं. मोठमोठ्या ट्रेनरांकडे हिरवळीची टेकाडं होती, मॅककेनकडे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. त्या हिवाळ्यात घोडा ओळीने शर्यती जिंकत गेला.

३१ मार्च १९७३. अडतीस घोडे. चार मैलांहून जास्त अंतर, तीस अडथळे. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियाहून आलेला धिप्पाड घोडा पाठीवर १२ स्टोन (एक स्टोन म्हणजे १४ पौंड, सव्वासहा किलोंच्या वर) घेऊन सुरुवातीलाच पुढे गेला आणि दुसऱ्या फेरीत इतका पुढे होता की बाकीच्यांची शर्यत वेगळी वाटावी. त्याच्या मागे एकटा रेड रम, पाठीवर १० स्टोन ५ पौंड आणि जॉकी ब्रायन फ्लेचर. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही पंधराएक लांबींचं (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) अंतर होतं. मग साडेचारशे-पाचशे यार्डांचा सपाट पट्टा, आणि त्यात क्रिस्पचे पाय जड झाले. चित्रफीत बघताना तो दारू प्यायल्यासारखा डावीकडे झुकतो ते बघवत नाही. विजयाच्या खांबाच्या दोन ढांगा अलीकडे रेड रमने त्याला गाठलं. पाऊण लांबीने जिंकला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद. आधीचा विक्रम होता तीसच्या दशकातला, तो अठरा सेकंदांहून जास्त फरकाने मोडला. क्रिस्पनेसुद्धा मोडला, हेही लिहिलं पाहिजे.

पुढच्या वर्षी सगळ्यांत जास्त वजन, म्हणजे १२ स्टोन, त्याच्याच पाठीवर आलं. तरी सात लांबींनी जिंकला, आणि तीन आठवड्यांनी स्कॉटिश नॅशनलही. एकाच हंगामात या दोन्ही जिंकणारा तो एकटाच. १९७५ ला जमीन ओली होती. लेस्कार्गोने हरवलं. १९७६ ला रॅग ट्रेडने, दोन लांबींनी. लोक म्हणायला लागले, झालं आता याचं. १९७७ बद्दल धाग्यावर कुणी पाहिलेलं असेल तर त्यांनीच लिहावं, माझी तेवढी पात्रता नाही.

पाच नॅशनल, प्रत्येकी तीस अडथळे. दीडशे उड्या आणि एकदाही पडला नाही. ज्याचा पाय दुखतो तो पाऊल जपून टाकतो, असं मला आपलं वाटत राहतं.

*

टापांचा नाद

खूप सुंदर लिहिलंय ताई. माझे आजोबा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. आपल्याकडे पुण्याचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा हिवाळ्यात, सगळं सपाट धावणं. त्यामुळे उड्या मारणारे घोडे आम्ही पाहिले नाहीत. पण खुराचं म्हणाल तर आजोबांचा पहिला हात घोड्याच्या तोंडावर नाही, खुरावर जायचा. सकाळी उठल्यावर चारही खूर तळव्याने चाचपायचे. एखादा गरम लागला की त्या दिवशी घोडा बाहेर नाही, मग मालक कितीही मोठा असो. पायाखाली ओली माती आणि वरून गार पाण्याची धार. मॅककेननी जे समुद्रात केलं ते वाचताना आजोबा आठवले.

*

कोरा कागद

मला यातलं काहीच कळत नाही, म्हणून दोन प्रश्न. या शर्यतीला स्टीपलचेस का म्हणतात? आणि एकाच शर्यतीत एका घोड्यावर १२ स्टोन आणि दुसऱ्यावर १० स्टोन, हा कसला न्याय?

*

खाडीकाठ

टापांचा नाद, तुमचे आजोबा आणि मॅककेन भेटायला हवे होते. मनापासून वाटलं.

कोरा कागद, स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन शेजाऱ्यांनी पैज लावली: बटवंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, साडेचार मैल, समोरचा मनोरा नजरेत धरून सरळ जायचं. वाटेत कुंपण येवो, ओढा येवो नाहीतर भिंत, वळसा नाही. तिथून हे नाव. आजही नॅशनलच्या मैदानात कुंपणं, चर आणि पाणी आहे ते त्या शेतांचं उरलेलं रूप.

वजनाचं असं की नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. ज्याची आधीची कामगिरी चांगली त्याला जास्त वजन. जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तितक्या शिशाच्या पट्ट्या मिळून ते भरतात. सगळ्यांनी खांबाशी एकत्र पोचावं अशी कल्पना असते. १९७३ मध्ये पहिल्या दोघांत पाऊण लांबी उरली, म्हणजे वजन ठरवणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं.

*

उत्तरध्रुव

लेख आवडला, पण क्रिस्पची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

२३ पौंडांचा फरक होता. साडेदहा किलो जवळजवळ! लांब शर्यतीत एक पौंड म्हणजे साधारण एक लांबी असा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबाने क्रिस्प त्या दिवशी वीसेक लांबींनी सरस होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉनकास्टरला दोघे समान वजनात पळाले आणि क्रिस्प आरामात जिंकला. त्याचा जॉकी रिचर्ड पिटमन स्वतःला दोष देत आलाय: शेवटच्या अडथळ्यानंतर चाबूक मारायला त्याने लगामावरचा एक हात काढला, आणि दमलेला घोडा भरकटला. तेवढ्या दोन-तीन लांबी तिथे गेल्या. नॅशनलच्या इतिहासात इतकी मोठी धाव हरलेल्या घोड्याने केली, आणि लोकांना नाव आठवतं ते दुसऱ्याचं. मी ती चित्रफीत दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी वाटतं, या वेळी पोचेल.

*

खाडीकाठ

उत्तरध्रुव, तुमचा एकही मुद्दा खोडता येत नाही. त्या दिवशी क्रिस्प मोठा घोडा होता.

पण १९७४ बघा. आता १२ स्टोन रेड रमवर. त्याच्या मागे दुसरा आलेला लेस्कार्गो म्हणजे चेल्टनहॅमचा गोल्ड कप, ही मानाची शर्यत दोनदा, १९७० आणि १९७१ ला, जिंकलेला. त्याला सात लांबींनी मागे टाकलं. क्रिस्पला जे वजन घेऊन जमलं नाही ते वजन घेऊन रेड रमने वर्षभरात जिंकून दाखवलं. १९७३ चं कर्ज त्याने १९७४ मध्ये फेडलं असं मी मानते.

*

जुना बिऱ्हाडकरू

१९७७ बद्दल कुणीतरी लिहा असं म्हटलंय, म्हणून लिहितो. वय झालंय, टंकायला वेळ लागतो.

मी त्या वेळी लिव्हरपूलपासून तासाभरावरच्या एका रुग्णालयात ज्युनियर डॉक्टर होतो. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती. नॅशनलच्या दिवशी वॉर्डात एक भांडं फिरायचं, त्यात घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. पैसे टाकायचे आणि चिठ्ठी उचलायची. मला अँडी पँडी आला. परिचारिका म्हणाल्या, डॉक्टर, नशीबवान आहात, सगळ्यांची पसंती त्याच्यावर आहे.

२ एप्रिल, शनिवार दुपार. रुग्णांच्या खोलीतला टीव्ही, त्याभोवती खाटा ओढून आणलेल्या. एक आजोबा सलाईनच्या स्टँडसकट आले होते. बेचाळीस घोडे. त्यातल्या एकावर शार्लट ब्रू ही मुलगी, नॅशनलमध्ये पळणारी पहिली स्त्री, त्यामुळे परिचारिकांचा वेगळाच उत्साह. दुसऱ्या फेरीत माझा अँडी पँडी चांगलाच पुढे होता. मी उभाच राहिलो. आणि बीचर्स ब्रुक या अडथळ्याला तो पडला. त्या अडथळ्यापलीकडची जमीन तेव्हा बरीच खोल होती. उडी मारून उतरतो तो खड्ड्यातच.

माझं दुःख कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आता पुढे कोण होता? रेड रम. बारा वर्षांचा! खोली क्षणभर शांत झाली आणि मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. चर्चटाउन बॉय थोडा वेळ जवळ आला, शेवटून दुसऱ्या अडथळ्याला चुकला, आणि मग रेड रम एकटाच. टॉमी स्टॅक वर बसलेला. लोक मैदानात कठड्यांवर ओणवे झालेले. सलाईनवाले आजोबा रडत होते. ते गोदीत काम केलेले, बोलायला कडक, आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बघितलंस ना बाळा? बघितलंस ना?" पंचवीस लांबींनी जिंकला तो.

त्या शहरात मला पहिल्यांदा कुणी बाळा म्हटलं ते त्या दिवशी. गोदीतली कामं तेव्हा कमी होत चालली होती, घरोघरी काळजी होती. तो घोडा त्यांचा होता. रस्त्यावरून चालत जाणारा, टॅक्सीवाल्याच्या पागेतला, त्यांच्यासारखाच.

*

पागोळी

काका, शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं. अजून लिहा, प्लीज.

*

हिरवा चारा

मी पशुवैद्य आहे. लेख छानच, पण एक दुरुस्ती सुचवतो. समुद्राने आजार 'बरा' केला असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. धागाकर्तीने तसं म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो.

खुरातलं ते हाड म्हणजे घोड्याच्या बोटाचं टोक. आपण मधल्या बोटाच्या नखावर उभे राहिलो तर जे होईल ती घोड्याची रोजची स्थिती. कठीण जमिनीवर सतत आपट बसली की त्या हाडाला सूज येते, कड झिजते, एक्स-रेमध्ये ती खडबडीत दिसते. झिजलेलं हाड पाण्याने भरून येत नाही. गार पाण्यात उभं राहिल्याने सूज आणि ठणका उतरतो. आणि माझ्या मते पाण्याइतकीच महत्त्वाची वाळू आहे. ओली, सारखी केलेली वाळू प्रत्येक टापेची आपट शोषून घेते. म्हणजे रोज नवी इजा होत नव्हती आणि जुनीला उतार मिळत होता. हे एकदाचं औषध नाही, रोजची निगा आहे. एक दिवस समुद्रात घातला आणि घोडा ठीक झाला या गोष्टीपेक्षा, सहा वर्षं रोज कुणीतरी त्याला तिथे नेत होतं ही गोष्ट मला मोठी वाटते.

*

खाडीकाठ

डॉक्टर, शेवटचं वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं. धन्यवाद.

*

मनमोर

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारते. या शर्यतीत घोडे मरतात ना? अँडी पँडी पडला हे वाचताना माझा श्वासच अडकला. एका घोड्याचं कौतुक करताना बाकीच्यांचं काय?

*

खाडीकाठ

विचारलंत ते बरं झालं. हो, मरतात. २०१२ च्या नॅशनलमध्ये दोन घोडे गेले, त्यात त्याच वर्षी गोल्ड कप जिंकलेला सिंक्रोनाइज्ड होता. मी ती शर्यत नंतर पाहिली आणि बरेच दिवस दुसरी कुठलीच पाहू शकले नाही.

बदल झालेत. १९८९ च्या मृत्यूंनंतर बीचर्स ब्रुकचा चर भरला, पलीकडचा उतार कमी केला. २०१३ पासून अडथळ्यांच्या आतलं लाकडी बांधकाम काढून लवचीक प्लास्टिक घातलं, वर स्प्रूसच्या फांद्या तशाच. २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली, पहिला अडथळा सुरुवातीच्या जवळ घेतला म्हणजे तिथवर वेग फार वाढू नये. हे पुरेसं आहे का? मला नाही वाटत. माणसाने घोड्याला विचारून ही शर्यत ठरवलेली नाही. पण रेड रमचं आयुष्य मी वाचते तेव्हा त्यात मला घोड्याची नीट काळजी घेणारी माणसंही दिसतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर तेही अन्यायाचं होईल.

१९७८ ला सहाव्या वेळी पळायची तयारी झालेली होती. आदल्या दिवशी पायाच्या हाडाला केसाएवढी चीर सापडली. त्यांनी तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी शर्यतीआधीच्या मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे चालला, आणि घरी गेला.

*

जुना बिऱ्हाडकरू

मनमोर यांचा प्रश्न रास्त आहे. एक भर घालतो. सत्तरच्या दशकात ऐन्ट्रीचं मैदानच विकलं गेलं होतं. घरं बांधायला देणार, अशी बोलणी दर वर्षी व्हायची. "ही शेवटची नॅशनल" हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. अखेर १९८३ मध्ये जॉकी क्लबने मैदान घेतलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मधली वर्षं लोकांना त्या मैदानाशी बांधून ठेवलं ते या घोड्याने. १९७७ ला ब्लॅकपूलच्या रोषणाईचं बटण त्याच्याकडून दाबवलं होतं. दुकानांच्या उद्घाटनाला त्याला बोलवायचे आणि तो शांत उभा राहायचा, पोरं नाकावरून हात फिरवायची.

*

टापांचा नाद

मे महिन्यात मुलाकडे मँचेस्टरला येतोय. आजोबांच्या नावाने रेड रमच्या समाधीवर फूल ठेवावं असं फार मनात आहे. कुठे आहे?

*

खाडीकाठ

१८ ऑक्टोबर १९९५ ला गेला, तीस वर्षांचा होऊन. घोड्यासाठी फार मोठं वय. ऐन्ट्रीच्या मैदानातच, विजयाच्या खांबाजवळ पुरलाय. दगडावर काही ओळी कोरल्यात, त्यात त्याच्या पायांचा उल्लेख आहे. लिव्हरपूल सेंट्रलहून ऑर्म्सकर्कच्या गाडीने ऐन्ट्री स्टेशनला उतरा, मैदान समोरच. शर्यतींचा दिवस नसेल तर आत सोडतात का, याची आधी चौकशी करा.

मग परत सेंट्रलला येऊन साउथपोर्टची गाडी पकडा आणि बर्कडेलला उतरा. मला निरोप टाका, मी स्टेशनवर येते. ओहोटीची वेळ बघून जाऊ. मे महिन्यातही पाणी गार असतं, बूट काढायची तयारी ठेवा.